नऊ नंबरचं वजन

तराजूताईंना माणसाचं वजन विचारावं लागत नसे. माणूस तिकीट घेऊन आकाशपाळण्याच्या रांगेत येऊन उभा राहीपर्यंत त्यांनी त्याला नजरेनंच तोलून ठेवलेलं असे. किलो-दीड किलो इकडे-तिकडे, त्यापलीकडे चूक नाही. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं आणि बागेतल्या लोकांनी त्यांना हेच नाव दिलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

यात चमत्कार काही नव्हता, कामाची गरज होती. आकाशपाळण्याला सोळा पाळणे. एका बाजूला जड माणसं आणि दुसऱ्या बाजूला हलकी भरली तर मोटर कण्हते, ब्रेक झिजतो आणि झिजलेल्या ब्रेकवर जड बाजू एखाद्या दिवशी आपण होऊन खाली येते. म्हणून समोरासमोरचे पाळणे तोलून भरायचे. एकसमोर नऊ, दोनसमोर दहा, तीनसमोर अकरा, असं.

या तोलातून ताईंना लोकांच्या फार गमती कळत. रांगेत पुढे सरकताना पोट आत ओढणारे पुरुष. त्यांना वाटे, बारीक दिसलं की हलकं झालं. 'मी काही जड नाही हं' असं कुणी न विचारता सांगणाऱ्या बायका. त्या हमखास जड. एकदा एक भारदस्त गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझं वजन सत्तर." ताई म्हणाल्या, "हो, डाव्या अंगाचं. उजव्याचं सांगा." नवी जोडपी एकाच बाकावर चिकटून बसत, ताई त्यांना समोरासमोर बसवत. वर गेल्यावर दोघं पुन्हा एका बाकावर येणार हे त्यांना ठाऊक असे, आणि तेवढी सूट त्यांनी आधीच धरलेली असे.

अंदाज बरोबर की चूक, ते सांगायला फलाटाची तिसरी फळी होती. चाळीस किलोच्या आतलं पोर तिच्यावरून गेलं तर ती गप्प राही. त्यापुढच्या कुणी पाय ठेवला की करकरे. सुतारानं ती दोनदा ठोकून दिली होती. तिसऱ्यांदा ताईंनीच त्याला अडवलं.

फेरा संपला की एकेक पाळणा फलाटाशी आणायचा, दांडी उचलायची, दार उघडायचं आणि म्हणायचं, "उतरा सावकाश. डोकं सांभाळा." चढताना मोजलेली माणसं उतरताना मोजायची. आकडा जुळला की दार बंद.

नऊ नंबरचं त्यांना पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं होतं. मास्तर म्हणजे ताईंच्या आधीचे चालक. किडकिडीत माणूस, छप्पन्न किलो, त्यातले दोन किलो कमरेच्या किल्ल्यांचे.

"सगळ्यांत चार-चार बसव," ते म्हणाले. "नऊमध्ये तिघंच. तो रिकामा दिसला तरी एक माणूस बसलंय असं धर. पंचेचाळीस किलो."

"पाळणा जड घडवलाय का?"

"धर म्हटलं की धरावं. मलाही असंच सांगितलं होतं."

ताईंनी धरलं. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी सगळंच विचित्र वाटतं आणि महिन्याभरानं काहीच वाटत नाही. रोज सकाळी ब्रेक सैल केला की रिकामा आकाशपाळणा हळूच फिरे आणि नऊ नंबर फलाटाशी येऊन थांबे, ओळखीचं कुत्रं दारात येऊन बसावं तसा. ताई त्याच्याकडे बघून मान हलवत आणि एक नंबरमध्ये पंचेचाळीस किलो जास्तीचं माणूस बसवून दिवस सुरू करत.

एकदाच त्यांचा तोल चुकला. एका शाळेची सहल आली होती. शिक्षकांनी आपापसात जागा बदलल्या, ताईंचं लक्ष मुलांकडे होतं, आणि तीन, चार, पाच या लागोपाठच्या पाळण्यांत शाळेतली जड मंडळी एकत्र जमली. ताईंची सात वर्षांची मुलगी त्या दिवशी सुट्टी म्हणून बागेत आली होती. नऊमध्ये कुणी नव्हतं, म्हणून ताईंनी तिला तिथे एकटीला बसवलं. शिक्षक वर पोचले आणि वीज गेली. त्याच वेळी पावसाची जोरदार सर आली. ओल्या ब्रेकवरून चाक निसटलं. जड बाजू खाली येऊ लागली, आधी सावकाश, मग भराभर. वरची पोरं किंचाळत होती. ताई ब्रेकच्या दांड्याला लोंबकळल्या होत्या आणि त्यांच्या अठ्ठावन्न किलोंचा त्या दांड्यावर काही परिणाम होत नव्हता.

मग चाकाचा वेग कमी होत गेला. धक्का बसला नाही, आवाज झाला नाही. फिरता भोवरा कुणी तळहातावर उचलून घ्यावा, तसं ते थांबलं. फलाटाशी नऊ नंबर होता.

दार उघडल्यावर मुलगी अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली दिसली.

"अगं, एवढा पाळणा रिकामा असताना कोपऱ्यात काय बसलीस?"

"जागा नव्हती," ती म्हणाली, आणि उडी मारून आईस्क्रीम मागू लागली.

सगळे गेल्यावर ताईंनी फलाटावर खडूनं बेरीज मांडली. शिक्षकांच्या बाजूला तीनशे वीस किलो जास्त होते. नऊमध्ये मुलीचे एकवीस आणि मास्तरांचे पंचेचाळीस धरले, तरी ते चाक थांबायला नको होतं. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. मग पायानं खडू पुसून टाकला. त्यानंतर त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ नंबर फलाटाशी आला की त्या नुसती मान हलवत नसत. पुटपुटत, "फार केलंत."

त्या बागेला आता टाळं लागलं होतं.

फाटकावर पाटी होती: सर्व खेळ कायमचे बंद. कारणं होती आणि खरी होती. आकाशपाळण्याच्या आसाची भोकं झिजली होती, तो बनवणारा कारखाना कधीच बुडाला होता आणि तपासनीसांनी प्रमाणपत्राला साफ नकार दिला होता. दोन महिन्यांत एकेक खेळ गेला. फिरत्या कपबशांचे तुकडे झाले. झुकझुक गाडीचे रूळ उखडले, त्याखालचं गवत पांढरं निघालं. चक्रातले लाकडी घोडे एका हॉटेलवाल्यानं नेले. ट्रकमध्ये उभे करून, तोंडं मागे. फाटकाबाहेर पडेपर्यंत ते बागेकडेच बघत होते. राहिला आकाशपाळणा. तो उघडायचं काम ताईंच्या जावयाला मिळालं होतं.

जावई म्हणजे उंचावर चढून लोखंड उघडणारा जोडारी. चार माणसांची टोळी, एक जुनी व्हॅन आणि तोंडात अखंड शीळ. वजन चौऱ्याहत्तर. कमरेचा पट्टा, पाने, दोर धरून शहाऐंशी. गेल्या वर्षी एका गिरणीच्या धुराड्यावर त्याचा दोर निसटला होता. हात खांद्यातून निखळला, बाकी निभावलं. तेव्हापासून तो वर असला की ताईंची मुलगी घरात एक भांडं धड घासू शकत नसे.

"आई, तू तिथे थांब," तिनं फोनवर सांगितलं. "ते उतरले की मला कळव. आधी नको, उतरले की."

"मी थांबून त्यांना खाली झेलणार आहे का?"

"थांब ग."

ताई थांबल्या. तसंही या कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाईंनी त्यांना बोलावलंच होतं. तिशीची, बारीक चणीची मुलगी, एक्कावन्न किलो, हातात नकाशे. बोलणं मुद्द्याचं आणि डोकं जाग्यावर. ताईंना ती पाहताक्षणी आवडली, कारण तिनं विचारायच्या आधीच स्वतःचं खरं वजन सांगितलं होतं.

तिची योजना सोपी होती. समोरासमोरचे पाळणे जोडीजोडीनं काढायचे, म्हणजे चाकाचा तोल राहील. सगळे निघाले की उरलेलं चाक इतकं समतोल असेल की हातानं फिरेल. मग एकेक आरा सोयीच्या उंचीला आणून, जावई त्याच्या टोकापर्यंत जाऊन नट उघडेल.

"सगळं बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "फक्त नऊमध्ये पंचेचाळीस किलो जास्तीचे धरा."

"नकाशात सगळे पाळणे सारखे आहेत, ताई."

"नकाशा काढणारा रोज सकाळी इथे ब्रेक सोडायला येत नव्हता."

इंजिनिअर बाईंना राग आला नाही. क्रेनच्या आकड्याला वजनकाटा होता. एक नंबर आधीच उतरला होता, दोनशे अठरा किलो. तिनं नऊ नंबरही काट्यावर घ्यायला लावला. काट्यावरचे लाल आकडे थरथरले आणि थांबले.

दोनशे अठरा.

"काटा खोटं बोलत नाही, ताई."

"मग मी बोलते का?"

"तसं नाही म्हणत मी. पण मग ते पंचेचाळीस गेले कुठे?"

"आईंनीच खाल्ले असतील!" जावई वरून ओरडला. टोळी हसली.

"जावईबापू, तुम्ही खाली या, मग वाढते तुम्हाला," ताई म्हणाल्या आणि त्याही हसल्या. पण त्यांची नजर लटकणाऱ्या नऊ नंबरवरून हलेना. क्रेननं तो हळूच गवतावर ठेवला. गवत इतर पाळण्यांखाली दबलं होतं तेवढंच दबलं. ताईंना वाटलं, एकतीस वर्षं आपण एका रिकाम्या डब्याला मान देत आलो. त्यांना थोडी लाज वाटली. लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोळाही पाळणे गवतावर ओळीनं बसले होते. वर नुसतं चाक उरलं होतं, सायकलचं टायर काढून टाकल्यासारखं. वारा नव्हता. इंजिनिअर बाईंनी दोर लावून चाक थोडं फिरवायला सांगितलं. नऊचा रिकामा आरा बाजूला, क्षितिजाच्या रेषेत आला. मग तिनं ब्रेक सोडायची खूण केली.

चाक एक क्षण तसंच राहिलं. मग फिरू लागलं.

नऊचा आरा खाली आला, फलाटाशी थोडा हेलकावला आणि थांबला.

जावयाची शीळ बंद झाली होती.

"पुन्हा," इंजिनिअर बाई म्हणाली.

पुन्हा फिरवलं. नऊ उलट्या बाजूनं वर नेला. ब्रेक सोडला. चाक सावकाश फिरलं आणि रिकामा आरा फलाटाशी येऊन थांबला. तिनं आस तपासला, प्रत्येक आऱ्यावरचे नट मोजले, कुठे पाणी साठलंय का म्हणून पोकळ नळ्या ठोकून पाहिल्या. सगळ्या सारख्या वाजल्या. पाचव्यांदाही तेच घडलं, तेव्हा तिनं नकाशाची घडी घातली.

"किती म्हणालात, ताई?"

"पंचेचाळीस."

चाचणीसाठी वापरायच्या वाळूच्या गोण्या अजून कोठीत होत्या. एकेक पंधरा किलोची. तीन गोण्या एक नंबरच्या आऱ्याला बांधल्या. मग चाक कुठेही उभं करा, जिथे सोडलं तिथे राहू लागलं. बोटानं ढकललं तर हलायचं, बोट काढलं की थांबायचं. दोन गोण्यांवर नाही, चारवर नाही. तीन.

इंजिनिअर बाईंनी कपाळ पुसलं. "का, ते मला कळलेलं नाही," ती म्हणाली, आणि हे कबूल करताना तिचा चेहरा आणखी तरुण दिसला. "पण तोल तर साधलाय. गोण्या तिथेच ठेवून काम सुरू करू."

जावई पट्टा आवळायला लागला. त्याला आऱ्याच्या टोकाला जायचं होतं, पन्नास फुटांवर, हातात पाना घेऊन. ताई त्याच्या पट्ट्याकडे बघत होत्या. शहाऐंशी, त्यांनी सवयीनं तोललं. आणि मग त्यांना ते दिसलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गोण्या आपण होऊन उतरत नाहीत."

"म्हणजे?"

"गोण्या बांधल्या आहेत, त्या राहतील. पण समोरचे पंचेचाळीस बांधलेले नाहीत. जावईबापू टोकाला असताना ते मधेच उतरले, तर? मग तीन गोण्या आणि जावईबापू, सगळं एका बाजूला. चाक पळेल."

इंजिनिअर बाईंनी चाकाकडे पाहिलं, मग ताईंकडे. "ताई, उतरले म्हणजे... कोण?"

जावयानं पट्टा सैल केला.

"इतकी वर्षं उतरलं नाही ना काही?" टोळीतल्या एकानं हळूच विचारलं.

"उतरणार कसं?" ताई म्हणाल्या. "मी तिघं चढवायची, तिघं उतरवायची. आकडा जुळला की दार लावायची. चौथ्यासाठी कधी थांबलेच नाही."

मग इंजिनिअर बाईंनी घड्याळ पाहिलं. "तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"एक आणि नऊ परत लटकवा. एकमध्ये तीन गोण्या ठेवा. मला एक फेरा द्या."

मोटर विकली गेली होती. टोळीतले चौघं आणि क्रेनवाला, असे पाचजण दोरांना लागले. जावयानं स्वतः नऊचे दोन्ही खिळे बसवले आणि खाली येऊन तोही दोराला लागला. ताई फलाटावर आपल्या जागी उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या टाचांनी तिथे दोन खळगे पाडले होते. टाचा त्यांत बरोबर बसल्या.

त्यांनी घंटा वाजवली.

चाक फिरलं. मोटरचा आवाज नसल्यामुळे बाकी सगळं ऐकू येत होतं: दोरांचं घासणं, माणसांचा श्वास, आसाची जुनी कुरकुर. नऊ नंबर वर चढला. टोकाला पोचला. तिथून सगळी रिकामी बाग दिसत असेल, ताईंच्या मनात आलं. उखडलेले रूळ, घोड्यांच्या जागचं गोल टक्कल, गवतावर ओळीनं मांडलेले पाळणे. त्यांनी दोरवाल्यांना खूण केली. जरा वेळ वरच राहू द्या. रांग नव्हती, घाई नव्हती.

मग नऊ नंबर सावकाश खाली आला.

ताईंनी दांडी उचलली. दार उघडलं. दार धरून त्या बाजूला झाल्या.

"उतरा सावकाश," त्या म्हणाल्या. "डोकं सांभाळा."

पाळणा स्थिर होता.

ताई थांबल्या. उतरणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तरुणाला दोन श्वास. लेकुरवाळीला पाच. म्हाताऱ्या माणसाला, गुडघ्यावर हात ठेवून उठणाऱ्याला, दहा. त्यांनी दहा मोजले. अकरा. बारा.

पाळणा हलला. इतकाच, की बाकावरून कुणी उठलं.

पहिली फळी गप्प होती.

दुसरी गप्प होती.

तिसरी करकरली.

वर टोकाला एक नंबर क्षणभर थबकला आणि एका बाजूला झुकायला लागला. "धरा!" जावई ओरडला. सहाहीजण दोरावर मागे रेलले. चाकाला ओढ होती. तीन गोण्यांची ओढ.

गोण्या काढल्या. मग चाक जिथे सोडलं तिथे राहिलं. वर, खाली, बाजूला, कुठेही. आयुष्यात पहिल्यांदा ते आपलं आपण समतोल होतं.

ताई फलाटावर एकट्याच उभ्या होत्या. त्यांना भीती वाटायला हवी होती. ती वाटत होतीही. पण तिच्यावर दुसरंच काही भरून आलं होतं. त्यांना कोपऱ्यात अंग चोरून बसलेली सात वर्षांची पोर दिसली. समोर कुणी नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

"फार केलंत हो," त्या म्हणाल्या. या वेळी पुटपुटल्या नाहीत.

ऊन उतरायच्या आत काम आटोपलं. आरे एकेक करून सुटले. जावई प्रत्येकाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. चाकानं एकदाही अंग हलवलं नाही. शेवटचा आरा गवतावर आडवा झाला, तेव्हा इंजिनिअर बाई ताईंजवळ आली. तिच्या हातात तपासणीचा कागद होता.

"अहवालात मी काय लिहू?"

"लिहा, तोल बरोबर होता."

तिनं तेच लिहिलं.

ताईंनी मुलीला फोन केला. "उतरले," म्हणाल्या. पलीकडून नळ सुरू झाल्याचा आणि भांडी घासल्याचा आवाज आला.

जावयानं व्हॅनचं मागचं दार सरकवून उघडलं. दुपारपासून तो ताईंशी जरा जपून बोलत होता. पुढच्या सीटवर दोर आणि पट्टे टाकलेले होते. ताई मागच्या बाकावर बसल्या. त्यांच्या पदराचं टोक बाहेर राहिलं होतं, ते आत घेईपर्यंत दार तसंच उघडं राहिलं. मग जावयानं ते लावलं.

व्हॅन फाटकातून बाहेर पडली. जावयाची शीळ परत आली. तिसऱ्या वळणावर त्यानं आरशातून मागे पाहिलं.

"आई, ऐसपैस बसा की. एवढा बाक मोकळा आहे, कोपऱ्यात कशाला?"

ताईंनी शेजारी पाहिलं. बाकाचं रेक्झिन जुनं होतं, मधे जरासं दबलेलं. दबलेलंच होतं कदाचित आधीपासून. वळणावर व्हॅन डावीकडे कलली, ताई ज्या बाजूला नव्हत्या त्या बाजूला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

घराशी व्हॅन थांबली. जिन्यात मुलगी उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. जावई उडी मारून तिच्याकडे गेला. ताई सावकाश उतरल्या. एक हात दारावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांचे दोन शब्द ओठांवर आले होते. म्हणायचे, मग दहा मोजायचे. बारा फार तर.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. तो निखळलेला खांदा दाबत मुलीला काहीतरी सांगत होता. पुढच्या आठवड्यात एका पाण्याच्या टाकीवर चढायचं होतं. त्यानंतर कुठल्याशा मनोऱ्यावर.

ताईंनी ते दोन शब्द गिळले. दार हळूच लावलं, आवाज होऊ न देता, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "उद्यापासून गाडीत सामान भराल ना, तेव्हा डावीकडे जरा कमी भरत जा."

"कमी म्हणजे किती?"

"पंचेचाळीस किलो."

त्याचा हात खांद्यावरच राहिला. "का?"

"एक माणूस बसलंय असं धरा," तराजूताई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.